मीटरवाले अण्णा आणि देखरेखीची खुर्ची

अण्णांना सगळे मीटरवाले अण्णा म्हणत, आणि नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. उभी हयात नगरपालिकेच्या पाणीखात्यात गेली, घरोघरी जाऊन नळाचा मीटर वाचण्यात. मीटर कुणाकडे जिन्याखाली असायचा, कुणाकडे मोरीच्या कोपऱ्यात, कुणाकडे कुंड्यांच्या मागे. वाकायचं, काचेवरची धूळ बोटाने पुसायची, आकडा टिपायचा आणि कमरेवर हात ठेवून उठता उठता काहीतरी विचारायचं. हा दरवाजा आधी इकडे उघडायचा ना? आजोबांची खाट दिसत नाही, कुठे हलवली? लोक रागवत नसत, कारण ऐकलेली गोष्ट अण्णा या घरातून त्या घरात नेत नसत. त्यांना फक्त कळून घ्यायचं असे. देवाने या माणसाला दोनच कान दिले यात देवाचाच हात आखडता झाला, असं त्यांची बायको म्हणायची.

निवृत्त झाल्यावर गंमत अशी झाली की विचारायला घर एकच उरलं. डबा इथे का ठेवला, दूध आज लवकर का तापवलं, फोनवर एवढा वेळ कोण होतं. बायकोने आठवडाभर सोसलं आणि मग हात जोडले. त्याच सुमारास निवृत्तांच्या संघाच्या फळ्यावर एक सूचना लागली होती: पेन्शन निधीच्या देखरेख मंडळावर पेन्शनरांचा एक प्रतिनिधी हवा, इच्छुकांनी अर्ज करावा. मुदत संपत आली तरी अर्ज एकही नव्हता. संघाच्या चिटणिसांनी अण्णांना गाठून सांगितलं की काम फारसं नाही, वर्षातून चार बैठका, चहा मिळतो. बायको म्हणाली, जा बाबा, तिथे जाऊन विचारा काय विचारायचं ते. अशा रीतीने अण्णा बिनविरोध निवडून आले.

पहिल्या बैठकीआधी घरी कागदांचा जाडजूड गठ्ठा आला. अण्णांनी तो चष्मा पुसून पुसून वाचला आणि त्यांना ओ की ठो कळलं नाही. त्यांच्या डोक्यात पेन्शन निधी म्हणजे एक भक्कम खोली होती, लोखंडी दाराची. बैठकीत त्यांनी ती बघायला मिळेल का असं विचारलंही. कुणी हसलं नाही. पेन्शन अधिकारी म्हणून काम बघणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं की खोली अशी नाही. कामावर असलेल्यांच्या पगारातून आणि नगरपालिकेच्या तिजोरीतून निधीत भर पडत राहते, तो पैसा निरनिराळ्या ठिकाणी गुंतवलेला असतो, आणि कुठे गुंतवायचा, नियम काय ठेवायचे हे निधी समिती ठरवते. त्या समितीवर निवडून आलेले नगरसेवक असतात. समिती ठरवते, मॅडमचं ऑफिस ते अमलात आणतं, आणि हे दोघं नियमाने वागतात की नाही ते देखरेख मंडळ बघतं.

मंडळावर अर्धी माणसं देणाऱ्यांच्या बाजूची, म्हणजे नगरपालिका, तिच्या शाळा, तिचे दवाखाने यांनी पाठवलेली. अर्धी घेणाऱ्यांच्या बाजूची, म्हणजे कामगार आणि पेन्शनर. मधोमध अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता. ते आवाज न चढवता बोलत आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत.

अण्णांनी विचारलं, आपण ठरवायचं काय? अध्यक्ष म्हणाले, काहीच नाही. मग आपण करायचं काय? यावर समोरच्या बाजूला बसलेल्या, पालिकेच्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या की विचारायचं. समितीने ऐकलं नाही तर तिच्याही वर राज्याचा नियामक असतो, त्याला लिहायचं. पण ते फार क्वचित. बहुतेक वेळा नुसतं विचारलं तरी माणसं आपलं आपण नीट करतात.

नुसतं विचारण्यासाठी मंडळ असतं, हे ऐकून अण्णांना आपण जन्मभर ज्या घराचा पत्ता शोधत होतो तिथे येऊन पोचलो असं वाटलं. घरी येऊन बायकोला त्यांनी सगळी रचना सांगितली. ती देवापुढची वात नीट करत होती. ती म्हणाली, देव सगळ्यांवर देखरेख ठेवतोच की. अण्णा म्हणाले, ठेवतो, पण त्याच्याकडे बैठकीचं इतिवृत्त मागता येत नाही. ती मनातून हसली, पण वात लावताना हसायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटून बसली.

प्रत्येक बैठकीत पहिला विषय एकच असे: हितसंबंध जाहीर करणे. आजच्या विषयांत कुणाचं स्वतःचं, नात्यातलं, मैत्रीतलं काही गुंतलेलं असेल तर आधी सांगायचं. सगळे एका सुरात "काही नाही" म्हणत आणि पान उलटत. दुसऱ्याच बैठकीत अण्णांनी हात वर केला आणि गंभीरपणे जाहीर केलं की बाहेर जो चहा देतो तो आपल्या बायकोच्या मावसबहिणीचा दीर लागतो. अध्यक्षांनी तितक्याच गंभीरपणे ते नोंदवून घ्यायला सांगितलं. सचिवांनी नोंदवलं. मग चहा आला आणि अण्णांना कळेना, प्यावा की न प्यावा. मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे न बघता बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

असं सुरळीत चाललं होतं, तोवर फिटरची पेन्शन बंद झाली.

फिटर म्हणजे अण्णांचा पाणीखात्यातला जोडीदार. एकाने मीटर वाचायचा, दुसऱ्याने पाइपची गळती काढायची, अशी दोघांची जोडी. फिटर जिभेचा तिखट. मागच्या वर्षी तो पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून तो तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत खाटेवर होता. लिफ्ट नाही, जिना अरुंद, खाली आणायचं तर खुर्चीत बांधून चौघांनी उचलायला हवं. सकाळी एक मावशी येई. ती त्याला कुशीवर वळवी, अंग पुसून देई, चादर बदलून टाकी. फिटरची बायको स्वतः काडीसारखी, गुडघ्यांनी अधू. तिच्याने तो हलत नसे. मावशी होती म्हणून तो घरात होता.

निधीचा नियम असा की वर्षातून एकदा पेन्शनराने ऑफिसात येऊन हयातीचा दाखला द्यायचा. येता येत नसेल तर कळवायचं, मग ऑफिसचा माणूस घरी येऊन बघून जातो. फिटरच्या घरून कळवलं होतं. पुन्हा पुन्हा कळवलं होतं. "नोंद घेतली" एवढंच उत्तर येत गेलं, माणूस आला नाही. मग मुदत टळली, आणि हयातीचा दाखला नाही म्हणून पेन्शन थांबली. दुसराही महिना कोरडा गेला तेव्हा मावशीने, तोंड खाली घालून, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे जाते असं सांगितलं. तिचंही घर होतं. दूरच्या गावी फिटरची लेक राहायची, ती म्हणाली बाबांना माझ्याकडे आणा, पण माझ्याकडे जागा एकाचीच आहे, आईने थोडे दिवस काकांकडे राहावं. चाळीस वर्षांचा संसार दोन गावांत वाटला जाणार होता.

हे सगळं फिटरवहिनींनी अण्णांना दारातच ऐकवलं, चपला काढायचीही सवड न देता. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्या मंडळात बसता ते काय पंख्याखाली गार हवा खायला?"

अण्णांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी मंडळाचं ओळखपत्र शर्टाला लावून ते पेन्शन ऑफिसात गेले. ओळखपत्र बघून खिडकीतला कारकून उभाच राहिला, आणि कबूल करायला हवं, अण्णांना ते आवडलं. ते थेट मॅडमपुढे जाऊन बसले आणि फिटरची फाइल मागितली.

मॅडमनी फाइल दिली नाही. त्यांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, अण्णा, आज तुम्ही मंडळाचे सदस्य म्हणून एक पेन्शन चालू करायला सांगाल आणि मी करीन. उद्या दुसरे सदस्य येऊन एक बंद करायला सांगतील. तेव्हा मी काय करू? तुम्ही मित्र म्हणून आला असाल तर ओळखपत्र खिशात ठेवा, बाहेर तक्रारीचा अर्ज मिळतो, तो त्यांच्या सहीने द्या. मी स्वतः बघते.

अण्णांचा चेहरा पडला. पण बाई चुकीचं बोलत नव्हती, हेही त्यांना तिथल्या तिथे कळलं. मीटर वाचणाऱ्याने नळाला हात लावायचा नसतो, हा त्यांच्याच खात्याचा पहिला धडा होता. त्यांनी ओळखपत्र काढलं, बाहेर येऊन रांगेत उभे राहिले आणि अर्ज घेतला. रांगेतून सरकता सरकता त्यांचा स्वभाव जागा झाला. त्यांनी खिडकीतल्या कारकुनाला सहज विचारलं, घरी जाऊन बघणारा माणूस हल्ली कोण आहे?

कुणी नाही, तो म्हणाला. पूर्वी होते ते निवृत्त झाले. मग दोन विभाग एकत्र केले, त्यात ती जागा भरायची राहिली. गृहभेटी बंद आहेत.

"बंद करायचं कुणी ठरवलं?"

कारकून विचारात पडला. त्याने शेजारणीला विचारलं, शेजारणीने पलीकडे विचारलं. कुणालाच आठवेना. ठरवलं असं कुणी नाही अण्णा, तो शेवटी म्हणाला, पडल्या आपल्या बंद.

अण्णा अर्ज हातात घेऊन घरी आले ते याच विचारात. एखाद्याने वाईट ठरवलं असतं तर त्यांना समजलं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. पण न ठरवता एखादी गोष्ट बंद कशी पडते, आणि ती पडताना सगळे जागेवर असून कुणाला दिसत कशी नाही? शहरात फिटरसारखे आणखी किती जण खाटेवर पडून असतील? फिटरचा अर्ज त्याच्या सहीने द्यायचाच होता, पण हे काही एका अर्जाचं काम नव्हतं, हे मंडळाचंच काम होतं. त्यांनी मंडळाच्या सचिवांना लेखी कळवलं आणि पुढच्या बैठकीच्या विषयांत गृहभेटींचा विषय आला.

मग त्यांच्या लक्षात आलं की पहिला विषय हितसंबंधांचा असतो.

फिटरने ऐकलं तेव्हा खाटेवरून हात उडवून तो म्हणाला, वेडा आहेस का? माझं नाव घेऊच नकोस. सर्वसाधारण बोल. कोण बघायला येतंय आपण दोस्त आहोत ते? वहिनींचंही तेच. सांगितलंत तर तुम्हाला बाहेर काढतील, आणि आतल्या कुणाला या गोष्टीचं सोयरसुतक असणार आहे? हा मुद्दा खोटा नव्हता. कागद सगळ्यांना मिळत, पण ही बारीक गोष्ट, कुणीच न ठरवता बंद पडल्याची, ती रांगेत उभं राहिल्याशिवाय कळण्यातली नव्हती. अण्णा बोलले नाहीत तर विषय नोंद घेऊन पुढे सरकेल, मावशी जाईल आणि फिटर लेकीच्या गावाला. मैत्री लपवून बोलले तर उद्या कुणीही म्हणेल की मीटरवाल्याने मित्रासाठी मंडळ वापरलं. मग फिटरचं काम होईल, पण बाकीच्यांच्या गृहभेटींचा विषय त्याच शिक्क्याखाली गाडला जाईल.

दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायकोने काही सुचवलं नाही. तिने एवढंच विचारलं की मंडळात ज्याच्यावर विश्वास ठेवावा असं दुसरं कुणीच नाही का? तुम्ही एकटेच त्या खोलीत बसता का?

अण्णांना आठवल्या मुख्याध्यापिका. पण त्या देणाऱ्यांच्या बाजूच्या. संघातली माणसं त्या बाजूबद्दल बोलताना आवाज खाली आणत. तरी अण्णा शाळा सुटायच्या वेळेला गेले. बाई पटांगणात उभ्या राहून शेवटची मुलं बाहेर पडेपर्यंत बघत होत्या. अण्णांनी अडखळत सुरुवात केली की माझा एक मित्र आहे, आणि बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मित्राचं मला सांगू नका, त्या म्हणाल्या, मग मलाही बाहेर जावं लागेल. प्रश्न काय आहे तेवढा सांगा.

"गृहभेटी बंद करायचं कुणी ठरवलं, एवढं विचारा."

"आणि कुणीच नाही म्हणाले तर?"

"तर विचारा, न ठरवता बंद पडल्या त्या कुणाला दिसल्या का नाहीत. आपल्यालाही."

आपल्यालाही, बाई म्हणाल्या, हे मात्र खरं. आणि फाटकाकडे वळल्या. विचारीन असं त्या म्हणाल्याच नाहीत, आणि अण्णांनाही पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

बैठकीच्या दिवशी अण्णांनी हात वर केला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, पुन्हा चहावाला. अण्णांनी सांगितलं, सहाव्या विषयात माझ्या जवळच्या मित्राची पेन्शन अडकली आहे. अध्यक्षांनी आभार मानले, आणि सहावा विषय आला तेव्हा अण्णांना बाहेर बसायला सांगितलं.

बाहेरच्या बाकावर अण्णांची जी काय गत झाली ती त्यांनी पुढे कित्येकदा रंगवून सांगितली. दाराची काच धुरकट. आतली माणसं नुसती सावल्या होऊन हलत होती. आवाज येत होता पण शब्द येत नव्हता. जो माणूस दुसऱ्यांच्या घरातली खाट कुठे हलवली ते विचारल्याशिवाय जिना उतरला नाही, त्याच्या जिवाभावाच्या माणसाचा विषय एका दारापलीकडे चालला होता आणि त्याने तिथे बसून नखं बघायची. एकदा ते उठले आणि भिंतीवरची सूचना वाचायच्या निमित्ताने दाराजवळ गेले. शिपाई म्हणाला, अण्णा, ती सूचना आग लागली तर काय करायचं त्याची आहे. अण्णा म्हणाले, तीच वाचतोय. आणि परत येऊन बसले. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. या विषयात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पण कान काही मिटता आले नाहीत.

शेवटी दार उघडलं. अण्णा आत जाऊन बसले, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून डोळे फिरवले, पण तिथे वाचण्यासारखं काही नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, विषय सातवा, लेखापरीक्षकांचा वार्षिक अहवाल. तो अहवाल संपेपर्यंतचा वेळ अण्णांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. बैठक संपल्यावर मुख्याध्यापिका पिशवी उचलून त्यांच्याजवळून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "विचारलं." पुढे एक शब्द नाही. बाकीचं इतिवृत्तात येईल तेव्हा.

त्याआधीच, मावशीचा महिना भरत आला होता त्या आठवड्यात, एका सकाळी फिटरच्या दारावर टकटक झाली. अण्णा तिथेच होते. दारात पेन्शनच्या मॅडम स्वतः, तीन जिने चढून दम लागलेल्या, आणि मागे खिडकीतला तो कारकून. मॅडम म्हणाल्या, माणूस नेमेपर्यंत आम्हीच वाटून घेतल्या आहेत भेटी. खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या, फिटरचं नाव, जन्मतारीख विचारली. फिटर म्हणाला, नीट बघून घ्या मॅडम, शंका असेल तर चिमटा काढा. मॅडम हसल्या आणि सही घेतली. थांबलेले दोन्ही महिने पुढच्या पेन्शनबरोबर येतील, असं सांगून त्या निघाल्या. याच गल्लीत भेट द्यायची आणखी दोन घरं होती.

मावशी तेव्हा मोरीत बादली भरत होती. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि वहिनींना म्हणाली, उद्या मग नेहमीच्या वेळेलाच येते.

इतिवृत्त आलं तेव्हा अण्णांनी ते फिटरच्या खाटेशेजारी बसून मोठ्याने वाचलं. मंडळाने विचारणा केली. गृहभेटी बंद करण्याचा निर्णय समितीने घेतल्याचं आढळलं नाही. रिक्त जागेबद्दल अधिकाऱ्यांनी वरच्या ऑफिसला कळवलं होतं, उत्तर आलं नव्हतं. ही बाब मंडळाच्याही नजरेतून सुटली, हे मंडळ नमूद करतं. भेट दिल्याशिवाय यापुढे कुणाचीही पेन्शन थांबवू नये, असं मंडळाने समितीला कळवलं आणि समितीने ते मान्य केलं. हसण्याबद्दल कुठे काही नव्हतं. अण्णांनी पान उलटून मागेही बघितलं.

वहिनी तांदूळ निवडायचं ताट मांडीवर घेऊन ऐकत होत्या. एरवी असल्या कागदांचा त्यांना कंटाळा. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, म्हणजे हे काम नक्की केलं कुणी? अण्णा सांगू लागले की बाईंनी विचारलं, मंडळाने लिहिलं, समितीने मान्य केलं, मॅडमनी अमलात आणलं. आणि तुम्ही? मी तर बाहेर होतो, अण्णा म्हणाले.

वहिनी ताटातला हात थांबवून म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? हे गेल्यावर मला काय मिळतं, किती मिळतं, ते कोण ठरवतं? आणि ते बरोबर ठरवलं की नाही ते कोण बघतं?"

"अगं, मी अजून आहे," खाटेवरून आवाज आला. "परवाच सही झाली."

"तुम्ही गप्प पडा. मी त्यांना विचारतेय."

नियम अण्णांना थोडाफार ठाऊक होता, पण चुकीचं सांगायचं नव्हतं. ते म्हणाले, वहिनी, वर्षातून एकदा निधीची खुली सभा असते. समिती पुढे बसते, मंडळ बाजूला बसतं, आणि ज्याचा निधीशी संबंध आहे तो कुणीही उठून विचारू शकतो. पेन्शनरांच्या बायकासुद्धा. फारसं कुणी येत नाही, खुर्च्या रिकाम्या असतात.

वहिनींनी ताट खाली ठेवलं.

"कधी असते ती?" त्या म्हणाल्या. "सकाळची असेल तर मावशी असते घरी."